आधी भांडी मोजली, मग किचन केलं

किचन नवीन करायचंय असं कुणाला सांगितलं की लोक आधी रंग विचारतात. ॲक्रिलिक करताय की पीयू, वर पांढरं खाली ग्रे घ्या, हँडल नकाच लावू आता जी प्रोफाइल चालतं, आणि हो, मधली भिंत तर पाडणारच असाल ना. आम्ही राहतो नाशिकला पाथर्डी फाट्याला, बिल्डिंग २००६ ची, टू बीएचके, किचन साधारण आठ बाय अकरा, हॉल अकरा बाय सतरा, बिल्डरने दिलेला एल आकाराचा काळा ओटा, खाली कडप्प्याचे कप्पे आणि त्यात नंतर बसवून घेतलेल्या स्टीलच्या ट्रॉल्या, ज्यांची चाकं कधीच गेली होती आणि ओढल्या की खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळायचं की आमच्याकडे स्वयंपाकाला सुरुवात झाली. म्हणजे बदलायचं तर होतंच. पण सुरुवातीला दोन-तीन शोरूम फिरलो तेव्हा एक गोष्ट खटकली, बजेट किती, थीम कोणती, वास्तू बघता का, सगळं विचारलं पण तुमच्याकडे साठवतात काय हे कुणीच विचारलं नाही.

आणि आमच्याकडे साठवतात. सासूबाई अमळनेरकडच्या, त्यामुळे उन्हाळा लागला की लोकवन गहू क्विंटलच्या हिशोबाने येतो, मग तूरडाळ, लाल तिखट, काळा मसाला, कुरडया, बिबड्या, शेवया, लोणच्याच्या बरण्या. मांडे भाजायचं मातीचं खापर आहे. घरघंटी आहे. एक हातभर रुंद परात आहे जी माझ्या लग्नाच्या आधीपासून ह्या घरात आहे आणि जिच्याबद्दल बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. कॅटलॉगमधल्या किचनमध्ये ह्यातलं काहीच नसतं, तिथे एका काचेच्या बरणीत पास्ता असतो आणि वाडग्यात तीन लिंबं.

एका शोरूममधल्या डिझायनर मुलीने थ्रीडी करून दिलं. मुलगी गोड होती, समजावून सांगत होती, थ्रीडी पण मस्त होतं, मधे छोटा आयलंड म्हणजे सुटा ओटा, वर तीन लटकते दिवे. मी विचारलं धान्य कुठे ठेवायचं. ती म्हणाली टॉल युनिट दिलंय ना मॅम. त्या उंच कपाटाची, म्हणजे टॉल युनिटची, जाळी ओढून बघितली तर एका जाळीत जेमतेम पाच-सात किलोचे डबे बसतील. मी म्हटलं क्विंटलभर गहू असतो आमच्याकडे, तर तिला वाटलं मी गंमत करतेय. घरी येऊन हिशोब केला, गव्हाचा एक लिटर भरतो साधारण पाऊण किलोचा, म्हणजे १०० किलोला १३० लिटरच्या आसपास जागा लागते, एवढी जागा तर त्या सगळ्या टॉल युनिटमध्ये मिळूनही धड नव्हती.

मग सासूबाईंनीच तोडगा काढला, म्हणाल्या आधी भांडी मोज ना, कपाटं नंतर. एका रविवारी सगळं काढलं, हॉलमध्ये चादर अंथरून मांडलं आणि टेप घेऊन बसलो. मी मोजायचे, लेक वहीत लिहायची, नवरा "हे फेकून देऊ" म्हणायचा आणि सासूबाई ते परत आत नेऊन ठेवायच्या. पत्र्याचा चौकोनी १५ किलोचा डबा, उंची १४ इंच, बाजू सव्वानऊ. पाच लिटरचा कुकर शिट्टीसकट किती, परात उभी ठेवली तर किती, आडवी ठेवली तर किती, पोळपाट, मोठी कढई दांड्यासकट, मिक्सर, इडलीपात्र. ह्या यादीने खरंच सगळं बदललं. म्हणजे असं की शोरूमवाले जे टँडमचे, म्हणजे अलगद सरकणारे, ड्रॉवर दाखवतात त्यात वरचा कटलरीचा, मधला ताटल्या-वाट्यांचा आणि खालचा उंच असतो, पण आमच्या यादीत उंच वस्तूच जास्त निघाल्या आणि काटे-चमचे एका पेल्यात मावतात. त्यामुळे चार ठिकाणी तीन ड्रॉवरच्या ऐवजी दोनच, उंच, घ्यायचे ठरले. सरळ पैसे वाचले, कारण किचनमध्ये लाकडापेक्षा हार्डवेअरच, म्हणजे चॅनल-बिजागऱ्या, महाग पडू शकतं, हेटिच घ्या नाहीतर एबको घ्या, प्रत्येक ड्रॉवरमागे बिल वाढतं.

माझी भाची आर्किटेक्चरला आहे, ती त्याच आठवड्यात आलेली. तिने एक भारी गोष्ट सांगितली. आपण जिला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची पणजी म्हणजे १९२६ सालचं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी ते केलं, १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे लांबीला आमच्याइतकंच आणि रुंदीला आमच्यापेक्षाही अरुंद, आणि अशी दहा हजारांच्या आसपास घरं झाली. बाई घरात काम करताना किती पावलं टाकते हे मोजून ओटा, सिंक, शेगडी ह्यांच्या जागा ठरवलेल्या. साखर, तांदूळ, डाळी ह्यांना ओतायची चोच असलेले ॲल्युमिनियमचे छोटे ड्रॉवर, प्रत्येकावर नाव. आणि पिठाचे डबे ओकच्या लाकडाचे, का तर त्यात किडे होत नाहीत. हे ऐकून सासूबाई एकदम खूश, म्हणाल्या बघ, तिकडे पण किड्यांचा विचार केलाय, तुझ्या शोरूमवाल्यांनी केलाय का. आणि गंमत म्हणजे त्या आर्किटेक्ट बाई नंतर स्वतःच सांगायच्या की ते किचन करेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता. मला ती शोरूममधली मुलगी आठवली. पण फरक असा की लिहोट्स्की बाईंनी निदान पावलं तरी मोजली होती.

असो. कोटेशनबद्दल सांगते कारण इथे भले भले गोंधळतात. कोणी रनिंग फुटाने भाव सांगतं, कोणी स्क्वेअर फुटाने, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी तुलना होत नाही. दहा फूट लांब ओट्याखालचं काम रनिंग फुटात १० धरलं जातं, तेच अडीच फूट उंचीने गुणलं की स्क्वेअर फुटात २५. शिवाय कोणाच्या भावात हार्डवेअर असतं, कोणाच्या नसतं, लॉफ्टचं वेगळं, स्कर्टिंग वेगळं, जीएसटी वेगळा. मी सगळ्यांना एकच कागद दिला, इतके ड्रॉवर, इतकी शटर, प्लाय हा, लॅमिनेट एक एमएमचं, आतून पण लॅमिनेट, एज बँड म्हणजे कडेची पट्टी बाहेरून दोन एमएम, आणि म्हटलं ह्याचा एकच शेवटचा आकडा सांगा. सगळ्यात स्वस्त वाटलेलं कोटेशन तेव्हा मधे जाऊन बसलं.

प्लायचं पण तसंच. "वॉटरप्रूफ आहे ताई" असं प्रत्येक जण म्हणतो. बघायचं काय तर शीटवर आयएसआयचा शिक्का आणि खाली आयएस ७१० लिहिलंय का, ते बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, ज्याला आपल्याकडे मरीन प्लाय म्हणतात. आयएस ३०३ चं एमआर ग्रेड, म्हणजे नुसत्या दमटपणापुरतं, हॉलच्या फर्निचरला चालतं, ओट्याखाली नको. आमचे मिस्त्री राजस्थानचे, गेली कित्येक वर्षं नाशिकला, मराठी आपल्यापेक्षा बरी बोलतात. त्यांनी मला सरळ सांगितलं, भाभी, सिंकखाली कोणताच प्लाय लावू नका, तिथे तुमचा जुना कडप्पाच चांगला. आणि तेच केलं. सिंकचा कप्पा आणि त्याच्या शेजारचा, दोन्ही दगडाच्या उभ्या पट्ट्यांवर, समोरून फक्त शटर, बाकी सगळा सांगाडा प्लायचा. शोरूमवाल्यांना हे अर्धं-अर्धं पटत नाही, त्यांना फॅक्टरीतून सगळे खोके आणून जोडायचे असतात, आणि त्यांचंही खरं आहे, कडप्प्यात टँडमचे चॅनल नीट बसत नाहीत, भोक पाडताना दगड तडकतो. म्हणून जिथे ड्रॉवर तिथे प्लाय, जिथे पाणी तिथे दगड. ओट्यावर ग्रॅनाइट घेतला. क्वार्ट्झ दिसतो छान पण त्यात रेझिन असतं, गरम तवा ठेवला की डाग पडू शकतो, आणि आमच्या घरात चुलीवरून उतरवलेला तवा ओट्यावर ठेवू नका हे सांगणार कोण.

आता भिंत. भिंतीवरून घरात सगळ्यात जास्त वाद झाले. नवऱ्याला पूर्ण ओपन किचन पाहिजे होतं, त्याच्या मित्राचं गंगापूर रोडला आहे, तिथे जाऊन आला की दोन दिवस तेच. सासूबाईंचं म्हणणं, पाहुणा दारातून आला की पहिलं खरकट्या भांड्यांचं दर्शन कशाला. मी मधे. कारण मला पण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचा कंटाळा आलेला, हॉलमध्ये हसतात कशावर ते कळायचंच नाही, कोणी सांगायला आलं तोवर विनोद संपलेला. पण ठेचा करायचा तर मिरची तव्यावर पडली की आख्खं घर खोकतं हे पण मला माहिती आहे, आणि मिक्सर चालू असताना टीव्हीचा आवाज वाढवणारे लोक आमच्याच घरात राहतात.

सोसायटीला अर्ज दिला, त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागितलं, जे मागायलाच पाहिजे. इंजिनिअर आले, भिंत ठोकून बघितली, विटांची साडेचार इंची पार्टिशन होती, वर बीम, बाजूला कॉलम. म्हणाले भिंत काढता येईल, पण बीमला आणि कॉलमला छिन्नी लागता कामा नये, वायरिंगसाठी झिरी पण त्यात मारायची नाही. हे शेवटचं वाक्य मी इलेक्ट्रिशियनसमोर त्यांना परत म्हणायला लावलं. बरं झालं.

शेवटी भिंत अर्धी ठेवली. खाली ओट्याच्या उंचीपर्यंत भिंत, वर सहा फूट रुंद मोकळी खिडकी, तिला ॲल्युमिनियमच्या बारीक फ्रेममध्ये फ्लूटेड म्हणजे उभ्या रेघांच्या काचेची सरकती दारं. काच टफन्डच घ्यायची, साधी नाही. फ्लूटेड का तर उजेड आरपार येतो पण आत काय पसारा आहे ते दिसत नाही. फोडणीच्या वेळी बंद, एरवी उघडं. ह्याचा खरा उपयोग कळला कानबाईला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोट असतात, पुरणपोळ्या असतात, आणि ह्या वर्षी पाळी आमची होती. आधी काय व्हायचं, ताटं घेऊन बायका त्या एका दारातून आत-बाहेर, एकमेकींना धडकत. ह्यावेळी दारं पूर्ण सरकवली आणि खिडकीतून ताटं सरळ हॉलमध्ये. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या मेस काढा आता.

ओट्याची उंची हा खरा किचकट विषय आहे आणि ह्याच्यावर कोणी बोलतच नाही. मी पाच-पाच, सासूबाई चार-दहा. जुना ओटा ३२ इंच, त्यावर शेगडी साधारण सहा इंच, म्हणजे कढईचं बूड ३८ इंचावर, सासूबाईंना वरणात डोकावायला टाचा उचलायला लागायच्या, आणि मला त्याच ओट्यावर भाजी चिरताना कंबर वाकवायला लागायची. म्हणजे एकच ओटा दोघींनाही चुकीचा, वेगवेगळ्या कारणाने. हिशोब असा करतात की सरळ उभं राहून कोपर दुमडायचं, जमिनीपासून कोपर मोजायचं आणि त्यातून पाच-सहा इंच वजा करायचे. माझं आलं ३५, सासूबाईंचं ३१. नवी शेगडी म्हणजे हॉब ओट्यातच बसवला की त्याची वरची जाळी जेमतेम दोन-अडीच इंच वर येते, म्हणून मुख्य ओटा ३४ केला तरी कढई आधीपेक्षा खालीच आली. आणि एलच्या छोट्या बाजूला साडेतीन फुटांचा तुकडा ३१ वर घेतला, तिथे कणिक मळायची, पोळ्या लाटायच्या, पुरण वाटायचं. मिस्त्री म्हणाले लेव्हल तुटेल, दिसायला बरं दिसणार नाही. तुटू दे. तिथे स्टूल ओढून बसून लाटता पण येतं, आता लेकीचा अभ्यास पण तिथेच चालतो. सिंक मात्र फार खोल घेऊ नका, दहा इंच खोल सिंक फोटोत भारी दिसतं, पण ताट तळाला गेलं की ते काढायला वाकणार आपणच.

तोडफोड सुरू झाल्यावरचे दिवस मी फार रंगवून सांगत नाही. बेडरूममध्ये इंडक्शन, बाथरूममध्ये भांडी, गोदरेजच्या कपाटात पोहे. सकाळी मिसळ आणायची सवय लागली ती अजून सुटली नाहीये. एवढंच सांगते की भिंतीवर टाइल्स लागायच्या आधी, झिरी उघड्या असताना, प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा, पाण्याचा पाइप कुठून गेलाय आणि वायर कुठून. नंतर चिमणीसाठी नाहीतर मांडणीसाठी ड्रिल मारताना त्या फोटोची किंमत कळते. पॉइंट आम्ही भांड्यांसारखेच यादी करून ठरवले, फ्रिज, मिक्सर, आरओ, चिमणी, हॉबच्या लायटरचा, आणि ओव्हन नि घरघंटी ह्यांना मात्र १६ ॲम्पियरचे, डिशवॉशर आज नाही पण उद्या येईल म्हणून त्याची लाइन आणि पाण्याचा-ड्रेनचा पॉइंट आत्ताच.

चिमणीत सगळे सक्शनचा म्हणजे हवा ओढायच्या जोराचा आकडा विचारतात, १२०० का १४००. डक्ट, म्हणजे धूर नेणारा पाइप, किती लांब आणि किती वळणं घेऊन बाहेर जातो ते कोणी विचारत नाही, आणि प्रत्येक वळणाला त्या आकड्यातला जोर कमी होतो. आम्ही हॉबची जागाच बाहेरच्या भिंतीजवळ सरकवली, एकच वळण आणि सहा इंची पाइप थेट बाहेर. वास्तूवाले एक काका आले होते ते म्हणाले अजून दोन फूट आग्नेयेला घ्या. दोन फूट सरकवलं असतं तर खिडकीचा वारा थेट बर्नरवर. सासूबाईच म्हणाल्या, गॅस विझत राहिला तर कसली आलीये वास्तू. विषय संपला.

आमच्याकडे एमएनजीएल कंपनीची गॅसची पाइपलाइन आहे, तर ती लाइन आपल्या प्लंबरकडून हलवायची नाही, कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायची. आणि हॉब घेताना दुकानात आधीच सांगायचं की पीएनजी म्हणजे पाइपचा गॅस आहे, त्याचे जेट, म्हणजे गॅस येतो ती भोकं, वेगळे असतात, एलपीजीच्या जेटवर पाइपचा गॅस लावला की ज्योत मरतुकडी येते. राहिला प्रश्न खापराचा. काचेच्या हॉबवर तापलेलं खापर ठेवायची कल्पनासुद्धा नको. त्यासाठी ड्राय बाल्कनीत कडप्प्याचा एक छोटा, बुटका ओटा केला, गॅसचा दुसरा पॉइंट तिथे घेतला आणि जुनीच स्टीलची शेगडी ठेवली. तळण, मांडे, मिरच्या भाजणं, मसाल्याचं सगळं तिकडे. शेजारी घरघंटी, म्हणजे पीठ उडालं तरी बाहेरच. खरं सांगायचं तर आख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त तो कोपरा आणि सगळ्यात जास्त वापर त्याचाच.

आणि गहू? खिडकीखालच्या अर्ध्या भिंतीला हॉलच्या बाजूने दीड फूट खोल बाक केला, वर गादी, आत चौकोनी डबे एका ओळीत. सव्वानऊ इंचाचा डबा, सहा फुटांत सात बसतात, दुसरी ओळ मागे नाही जात, पण एका डब्यात पंधरा म्हटलं तरी शंभर किलो जातो. झाकण वरून उघडतं, गॅस पंपवर. आत मागच्या बाजूला हवेसाठी जाळी ठेवली, आणि गव्हात कडुलिंबाचा पाला नेहमीसारखाच. पाहुणे त्या बाकावर बसून विचारतात, नवीन सोफा केला का.

हॉलबद्दल कमी सांगण्यासारखं आहे कारण हॉलमध्ये आम्ही कमीच केलं. नाशिकला राहायचं म्हणजे नारायण नागबळीला नाहीतर नुसतं त्र्यंबकेश्वरला म्हणून कोणीतरी मुक्कामाला असतंच, आणि आता सिंहस्थ आलाय म्हटल्यावर तर विचारायलाच नको, त्यामुळे जमीन मोकळी पाहिजे होती, गाद्या टाकायला. भला मोठा एल सोफा रद्द, मधला टीपॉय रद्द. टीव्हीची भिंत पण पूर्ण मढवली नाही, खाली एक लांब लटकतं युनिट आणि शेजारी साडेतीन फूट रिकामी भिंत, वर-खाली पॉइंट दिलेले, गौरी-गणपतीची आरास तिथे. एरवी त्या जागेत एक झाड ठेवलंय. सीलिंग फक्त कडेने जिप्समचं, पंख्याखाली नाही, नऊ फुटांच्या घरात अजून उंची कशाला खायची. दिवे हॉलला ३००० केल्विनचे पिवळसर आणि ओट्यावर ४००० चे, नवऱ्याने चुकून सगळे ६५०० चे आणले होते, ते बदलून आणायला त्यालाच पाठवलं, मेडिकलच्या दुकानात बसल्यासारखं वाटायला लागलं होतं.

सध्या एकच वाद चालू आहे. हॉलच्या दाराजवळ दोन फुटांचा एक कोपरा उरलाय. मला तिथे पुस्तकं पाहिजेत, नवऱ्याला चपलांचं कपाट, आणि सासूबाईंनी परवा सहज विचारल्यासारखं विचारलं की ज्वारीचा भाव काय चाललाय. मिस्त्रींचं शेवटचं बिल अजून द्यायचंय, तेव्हा येतील ते, बघू कोणाच्या बाजूने बोलतात.